जुने खेळ, नवा भ्रमणध्वनी : कंट्रोलर घेण्यापूर्वी काय पाहावे?

नवी दिल्ली - दूरचित्रवाणी संचाला जोडून ‘टीव्ही गेम’ खेळणारी १९९०च्या दशकातील मुले आज स्वतः पालक झाली आहेत. त्या काळी कोपर्निकस मार्गावरील महाराष्ट्र सदनात उतरलेल्या मराठी पाहुण्यांना कनॉट प्लेसचा भूमिगत पालिका बाजार जवळ पडे. मुंबईकरांसाठी लॅमिंग्टन रोड होताच. खेळाच्या खोक्याला ‘कॅसेट’ आणि हातातील नियंत्रकाला ‘रिमोट’ म्हणण्याची रीत तेव्हाचीच.

ते खेळ आता एम्युलेटर या आज्ञावलीच्या साहाय्याने भ्रमणध्वनीवर खेळता येतात. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राच्या कार्यपद्धतीची हुबेहूब नक्कल करणारी संगणकीय आज्ञावली. मात्र पडद्याच्या काचेवर बोटाला बटणाची कड जाणवत नाही, शिवाय अंगठ्याखाली चित्र झाकले जाते. त्यामुळे बाहेरून जोडावयाच्या कंट्रोलरला मागणी आहे. दुकानात प्रथम किंमत आणि बटणांची संख्या पाहिली जाते. वास्तविक पहिला प्रश्न ‘कोणता खेळ खेळावयाचा आहे’ हा असावयास हवा.

खेळ कोणत्या काळातील?

निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १९८३ साली आले. त्याच्या नियंत्रकावर अधिकचिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण आणि ‘ए’ व ‘बी’ ही दोन प्रमुख बटणे होती. १९९०च्या सुपर फॅमिकॉमवर चार बटणे आणि वरच्या कडेला आणखी दोन बटणे आली. १९९६च्या निन्टेन्डो ६४ यंत्राने अंगठ्याने फिरवावयाची दांडी रूढ केली, तर सोनीच्या १९९७च्या ड्युअलशॉक नियंत्रकात दोन दांड्या व कंपनाची सोय होती.

याचा अर्थ स्पष्ट आहे. उड्या मारत पुढे जाण्याच्या किंवा कोडी सोडविण्याच्या जुन्या खेळांसाठी दिशादर्शक बटण उत्तम असणे आवश्यक. दांड्यांची तेथे गरजच नाही. हे बटण उजवीकडे दाबले असता चुकून वरची दिशाही लागत असेल, तर तो नियंत्रक अशा खेळांसाठी निरुपयोगी होय. त्रिमितीय खेळांना मात्र दोन्ही दांड्या लागतात.

दांड्या निवडताना त्यांची रचना विचारावी. पारंपरिक दांडीतील घासणारे भाग कालांतराने झिजतात आणि हात न लावताही पडद्यावरील पात्र सरकू लागते. हॉल इफेक्ट प्रकारच्या दांडीत चुंबकाच्या साहाय्याने स्थिती ओळखली जात असल्याने ही झीज टळते.

तार की ब्लूटूथ?

बहुतेक जुन्या यंत्रांवर सेकंदाला ५० किंवा ६० चित्रे उमटत. म्हणजे एक चित्र सुमारे १७ ते २० सहस्रांश सेकंद टिकते. बटण दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांत दोनतीन चित्रांचाही विलंब पडला, तर अचूक उडी हुकते. ब्लूटूथने या विलंबात भर पडते. म्हणून ज्यांना काटेकोर वेळ साधावयाची आहे, त्यांनी टाईप सी जोडणीचा, भ्रमणध्वनीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा नियंत्रक घ्यावा. घेताना आपला संच त्यात मावतो काय, त्यासाठी संरक्षक कव्हर काढावे लागते काय आणि खेळताना विद्युतभारण करता येते काय, हे तपासावे.

ब्लूटूथ नियंत्रक अधिक बहुपयोगी असतो. तो संगणकालाही जोडता येतो. मात्र त्यासोबत ब्लूटूथ श्रवणयंत्र वापरल्यास आवाज मागे पडतो. अशा वेळी तारेचे श्रवणयंत्र बरे.

जोडणी करताना

अँड्रॉइड प्रणालीत नियंत्रकांची सोय २०११ सालच्या ३.१ आवृत्तीपासून आहे. आयफोनवर एक्सबॉक्स व ड्युअलशॉक ४ हे नियंत्रक २०१९च्या आयओएस १३ पासून चालतात. ड्युअलशॉक ४ जोडण्यासाठी ‘शेअर’ आणि ‘पीएस’ ही बटणे दिवा लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरावीत. अनेक नियंत्रकांवर अँड्रॉइड, आयफोन व संगणक यांसाठी वेगवेगळी स्थिती निवडण्याची सोय असते. जोडणी होऊनही बटणे भलतेच काम करीत असल्यास प्रथम ही स्थिती पाहावी.

आणखी एक गफलत नेहमी होते. निन्टेन्डोच्या रचनेत ‘ए’ उजवीकडे व ‘बी’ खाली असतो. एक्सबॉक्सच्या रचनेत नेमके उलट. त्यामुळे एम्युलेटरमध्ये बटणांची नेमणूक करताना अक्षर न पाहता जागा पाहावी. एका हाताने खेळणाऱ्यांना किंवा बोटांच्या हालचालीवर मर्यादा असणाऱ्यांना तर ही फेरनेमणूक मोठे वरदान आहे. अशा व्यक्तींसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मोठ्या बटणांचा स्वतंत्र नियंत्रकही बाजारात आणला.

सर्वच खेळ नियंत्रक स्वीकारीत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलमध्ये अधिकृत सोय आहे. बीजीएमआय हा खेळ स्पर्शानेच खेळावयाचा आहे. तेथे आडमार्गाने नियंत्रक चालविणाऱ्याचे खाते बंद होण्याचा धोका असतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात, एम्युलेटर घडविण्यासाठी मूळ आज्ञावलीचा अभ्यास करणे वैध ठरविले. अ‍ॅपलनेही एप्रिल २०२४ पासून आपल्या अ‍ॅप स्टोअरवर जुन्या यंत्रांच्या एम्युलेटरना प्रवेश दिला. तथापि त्याआधीच्या महिन्यात, निन्टेन्डोने दाखल केलेल्या दाव्यात युझु या एम्युलेटरच्या निर्मात्यांनी २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम थांबविले होते. तो एम्युलेटर बाजारात असलेल्या स्विच या यंत्राची नक्कल करीत होता.

एम्युलेटर आणि खेळाची प्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार, आज्ञावलीची वैध प्रत बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करता येते. परक्याने इंटरनेटवर ठेवलेली प्रत उतरवून घेणाऱ्यास हे संरक्षण आपोआप मिळत नाही. हौशी मंडळींनी जुन्या यंत्रांसाठी नव्याने रचून विनामूल्य दिलेले खेळ किंवा कंपन्यांनी पुन्हा प्रसिद्ध केलेले संच हा निर्धोक मार्ग होय.

थोडक्यात, खेळ ठरवावा, तो नियंत्रक स्वीकारतो याची खात्री करावी आणि शक्य असल्यास दुकानातच स्वतःच्या भ्रमणध्वनीला जोडून दिशादर्शक बटण हाताळून पाहावे. आपल्या बालपणीचा खेळ मुलांच्या हाती देताना एवढी खबरदारी घेतली, तर पैसाही वाया जाणार नाही आणि मुलांचा विरसही होणार नाही.