ताटातली उधारी

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयात कर्मचाऱ्यांसाठी रक्ततपासणीचे शिबिर झाले. सकाळी उपाशीपोटी यावे, एवढीच सूचना होती. ती पाळून, आणि चहा लांबल्याबद्दल मनातून थोडी कुरकुर करीत, प्रस्तुत लेखकानेही हात पुढे केला. तिसऱ्या दिवशी कागद हाती आला. उपाशीपोटीची साखर १३८. हा आकडा १२६ किंवा त्याहून अधिक असला तर वैद्यकशास्त्र त्यास मधुमेह म्हणते. मात्र एकाच तपासणीवर ते सहसा निर्णय देत नाही. दुसऱ्या तपासणीने शंकेस जागा ठेवली नाही. वय चव्वेचाळीस, अंगकाठी सडपातळ, तंबाखूला कधी स्पर्श नाही. व्यसन म्हणावे तर चहाचे.

या अनुभवात जगावेगळे काही नाही, म्हणूनच तो येथे सांगितला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. परभणीतील कोणत्याही शाळेच्या शिक्षक-खोलीत वा कचेरीत मधल्या सुटीत डबे उघडले की त्यांच्या शेजारी गोळ्यांच्या पुड्याही उघडतात, हे आपण सारे पाहतोच.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला या गोष्टीची लाज अधिक वाटावयास हवी. आयर्व्हिंग फिशर याने १९३० साली मांडलेला व्याजाचा सिद्धांत प्रस्तुत लेखक वर्षानुवर्षे वर्गात समजावून सांगत आला. माणूस उद्याच्या सुखापेक्षा आजचे सुख मोलाचे मानतो. या उतावळेपणाची किंमत म्हणजे व्याज. पतपेढीचे कर्ज घेताना हे आपणास उमगते, कारण हप्ता पुढच्याच महिन्यात पगारातून कापला जातो. ताटावर बसताना मात्र उमगत नाही. कारण तेथला हप्ता वीस वर्षांनी सुरू होतो आणि सावकार दारात येऊन उभा राहत नाही.

चहाच्या कपाचा जमाखर्च

एक साधा हिशेब करून पाहावा. कपभर चहात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. कचेरीत आणि घरी मिळून दिवसाचे सहा कप होणे आपल्याकडे अगदी साधारण आहे. म्हणजे रोजची ६० ग्रॅम, महिन्याची १ किलो ८०० ग्रॅम आणि वर्षाची जवळजवळ २२ किलो साखर एका माणसाच्या पोटात केवळ चहावाटे जाते. सणावारांचे गोडधोड, लग्नातली जिलेबी आणि वाढदिवसाचा केक यांचा हिशेब वेगळा. वरून मिसळलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी एक दशांशाहून कमी उष्मांक मिळावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. बैठे काम करणाऱ्या साधारण माणसासाठी ही मर्यादा ५० ग्रॅमच्या आसपास येते. ती आपण चहातच ओलांडतो, आणि वर आपण गोड खात नाही असे समाधानही बाळगतो.

बैठ्या कामाचा उल्लेख सहज केलेला नाही. जेरी मॉरिस या संशोधकाने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघेही एकाच गाडीवर, एकाच नोकरीत. परंतु दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळले. टपाल खात्यात पत्रे वाटीत हिंडणारे पोस्टमन आणि खुर्चीवर बसून काम करणारे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. आपला वर्ग यांतील कोणत्या बाजूला मोडतो, हे सांगावयास नको.

भाकरी आणि पोळी

अशा वेळी वडीलधारी मंडळी एकच निदान करतात: भाकरी सुटली आणि रोग आले. परभणी जिल्ह्यात या म्हणण्याला आधार नाही असे नाही. येथील ताट ज्वारीचे होते. भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी, आणि चमचाभर करडईचे घाण्यावरचे तेल. गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला म्हणजे होई. आज नेमके उलट झाले आहे. पंगतीत भाकरी वाढणे यजमानाला कमीपणाचे वाटू लागले आणि थाळीत भाकरी हवी असेल तर ती मुद्दाम मागवावी लागते.

तथापि गव्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी पुरावा पाहिला पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. सबंध गव्हाच्या कणकेत ते सुमारे ११ ग्रॅम असतात, म्हणजे गहू येथे मुळीच कमी पडत नाही. पडझड होते ती पुढे. सडलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात हेच तंतू ३ ग्रॅमही उरत नाहीत. वस्तुतः आपण ज्वारीकडून गव्हाकडे गेलो एवढेच घडलेले नाही. गव्हाकडून मैद्याकडे गेलो. सकाळच्या चहाबरोबर टोस्ट किंवा खारी, दुपारी नाक्यावरचा सामोसा, मुलांच्या दप्तरात बिस्किटाचा पुडा, रात्री घाईत शिजलेला भात. पोळीला तेलाचा हात लागतो, भाकरीला लागत नाही. आणि ते तेलही आता करडईचे राहिलेले नाही. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

भाकरी हे औषध नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. दिवसभर औत हाकणाऱ्या माणसाच्या तीन भाकरी खुर्चीवर बसणाऱ्याने खाल्ल्या तर त्यांचाही हिशेब चुकतोच. आपल्या वडिलांना जे पचले, ते त्यांच्या श्रमांमुळे पचले.

दुष्काळाचे जुने देणे

मग सडपातळ माणसाला मधुमेह का व्हावा? याचे एक उत्तर आपल्याच राज्यात, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात शोधले गेले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. त्यांची नवजात बाळे सरासरी सुमारे २ किलो ७०० ग्रॅमची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउथम्प्टनची बाळे सुमारे ३ किलो ५०० ग्रॅमची भरली. आपली बाळे स्नायूंनी, पोटातील अवयवांनी लहान होती. परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने त्यांनी राखून ठेवलेली होती. वरून रोड, आतून मेदयुक्त. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी एका इंग्रज सहकाऱ्यासमवेत स्वतःचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण इंग्रज मित्राच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. निर्देशांक दोघांना एकच आकडा सांगत होता, परंतु दोन शरीरांचा ताळेबंद एक नव्हता.

आईच्या पोटात असताना ज्याला अन्नाची चणचण भासते, त्याचे शरीर काटकसरीवर बांधले जाते आणि पुढे सुबत्ता आली की ती त्याला झेपत नाही, असा या विचाराचा गाभा आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या शरीराला साखर हाताळणे अधिक जड जात असल्याचे आढळले.

हे वाचताना मराठवाड्यातील माणसाला १९७२ आठवल्यावाचून राहत नाही. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे, कामावर वाटली जाणारी सुकडी, शिधापत्रिकेवर आलेली अमेरिकेची लाल मिलो. प्रस्तुत लेखकाची आई तेव्हा बारा वर्षांची होती आणि पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. तिच्या त्या उन्हाळ्याचा आणि आपल्या १३८ या आकड्याचा थेट संबंध जोडण्याचे धाडस कोणीही करू नये. एका माणसापुरते असे काही सिद्ध होत नाही. पण एवढे खरे की आपल्या जिल्ह्यातील कित्येक शरीरे टंचाईच्या हिशेबाने घडली आणि एका पिढीच्या आत त्यांच्यापुढे मैदा, साखर आणि स्वस्त तेल येऊन पडले. सुबत्तेच्या प्रदेशांपेक्षा आपण अधिक जपून खावयास हवे, त्याचे कारण हे आहे.

केवळ संयमाचा प्रश्न नव्हे

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की प्रश्न जिभेच्या लगामाचा आहे. तो आहेच, परंतु तेवढाच नाही. निवड ही पर्यायांतून होते आणि पर्याय बाजार व शासन ठरविते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू व तांदूळ यांच्या जोडीला एक रुपया किलो दराने भरड धान्य देण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात आपल्या दुकानांतून वर्षानुवर्षे मिळाले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ; १ जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले. ज्वारी मात्र बाजारातून, कित्येकदा गव्हाच्याच भावाने विकत घ्यावी लागते. अशा स्थितीत मजुराने भाकरी सोडली तर तो त्याचा अविवेक नव्हे, विवेकच म्हटला पाहिजे.

शेतातही तेच घडले. खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडे, तिची काढणी-मळणी कष्टाची, पाखरांपासून राखण वेगळी. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हातात रोख पैसा देते. शेतकऱ्याने सोयाबीन धरले यात नवल नाही. रब्बी ज्वारी कशीबशी टिकून आहे. करडईचे पट्टे आक्रसले.

विरोधाभास असा, की ज्ञानाची टंचाई आपल्याच जिल्ह्यात सर्वांत कमी आहे. मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी येथे स्थापन झाले. याच विद्यापीठाने हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संस्था ‘इक्रिसॅट’ हिच्या सहकार्याने तयार झालेला ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण २०१८ साली प्रसारित केला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे ध्यानी घेता या वाणाचे मोल कळते. पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. प्रदर्शने झाली, परिसंवाद झाले. परभणीचे नाव लावणारी ज्वारी परभणीच्या शिधावाटप दुकानात नियमाने मिळेल, तो दिवस खरा उत्सवाचा.

आणखी एक बाजू बहुधा पुरुषांच्या लेखांतून निसटते. गंगाखेडच्या जनाबाईंचे नाव घेतले की आपल्याला जाते आठवते. पण ते जाते ओढणारे हात कोणाचे होते, हे आपण सोयीने विसरतो. भाकरी एकेक थापावी लागते, ती गरमच बरी लागते, आणि ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही. नोकरीहून परतलेल्या स्त्रीवर आरोग्याच्या नावाने हा भार पुन्हा टाकावयाचा असेल, तर असले आरोग्य न मागितलेलेच बरे. ज्याला भाकरी हवी त्याने परातीपाशी बसावे. प्रस्तुत लेखकाने चव्वेचाळिसाव्या वर्षी भाकरी थापावयास घेतली. पहिला पंधरवडा ती गोल झाली नाही, पण पोटात गेल्यावर कडेचा आकार कोणी विचारीत नाही.

बदल घडू शकतो

ज्या १९७२ साली आपण खडी फोडीत होतो, त्याच वर्षी फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात एक प्रयोग सुरू झाला. तेथील पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने मरत होते. लोणी, मीठ आणि धूम्रपान ही प्रमुख कारणे होती. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली शाळा, दुकाने, महिलांच्या संघटना आणि शेतकरी यांना हाताशी धरण्यात आले. दुग्धव्यवसायावर जगणाऱ्यांना फळांच्या लागवडीकडे वळण्यास मदत झाली, देशी तेलबियांना उठाव मिळाला. सुमारे चार दशकांत तेथील उमेदीच्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. ताट आणि शेत यांचा एकत्र विचार झाला, हे त्या यशाचे मर्म आहे.

आपल्याला फिनलंड होणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु पगारदार वर्गाच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. कचेरीच्या चहात साखर वेगळी द्यावी, ज्याला हवी त्याने घालावी. वसतिगृहाच्या खानावळीत एका वेळी भाकरी असावी. सत्काराला पेढ्यांऐवजी शेंगदाणे-फुटाणे चालावेत. चार चौकांपलीकडच्या कामाला दुचाकीशिवाय जावे. आणि ज्यांच्या शब्दाला गावात अद्याप मान आहे त्या शिक्षकांनी शिधावाटपात व शालेय पोषण आहारात ज्वारीची मागणी लावून धरावी. शेतकऱ्यालाही खात्रीचे गिऱ्हाईक त्यातूनच मिळेल.

उधारी कशी फेडावी, हे आपल्या खेड्यांना कोणी शिकविलेले नाही. किराणा दुकानाची वही भरत आली की घरातले शहाणे माणूस प्रथम नवी उधारी बंद करते आणि मग जुनी थोडी थोडी वळती करते. शरीराची वहीही तशीच फेडावी लागते. प्रस्तुत लेखकाने आपली वही उशिरा उघडली. समोरच्या बाकांवर बसणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींची पाने मात्र अद्याप पुष्कळशी कोरी आहेत.