एका फाइलीत पान, त्यातच कोड

‘वेबपानाच्या फाइलीतच कोड लिहिला तर प्रॅक्टिकलला गुण कापतात. तो खरंच इतका वाईट असतो का?’ असं कडोलीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. माझ्या मते, नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आलं. अशा एखाद्या नाटकाची छापील संहिता उघडा. संवाद रंगात आलेला असतो आणि मध्येच कंसात सूचना येते: अमका आत जातो, पडदा पडतो. ती कोणी मोठ्याने वाचत नाही. नट ती पाळतात, प्रेक्षकाला फक्त घडलेलं दिसतं. पानातच लिहिलेल्या कोडचं, म्हणजे इनलाइन कोडचं, काम असंच चालतं. एचटीएमएलच्या मजकुरात ‘<%’ ही खूण दिसली की सर्व्हर पुढचा कोड चालवतो आणि त्या जागी आलेलं उत्तर ठेवून पान पाठवतो. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडलात तरी मूळ कोड सापडणार नाही.

ही पद्धत सर्वसामान्यांच्या हाती आली ती मुख्यतः रासमस लरडॉर्फमुळे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या या माणसाने १९९४ मध्ये आपला बायोडेटा नेटवर कोण पाहतं हे कळावं म्हणून छोटे प्रोग्राम लिहिले आणि जून १९९५ मध्ये ते सर्वांना खुले केले. तीच पीएचपीची सुरुवात. त्याआधी बहुतेक ठिकाणी प्रोग्रामच्या पोटात पान असे. मजकुरातला एक काना चुकला तरी प्रोग्राम उघडावा लागे. पीएचपीने पानाच्या पोटात प्रोग्राम ठेवला. ‘पीएचपी म्हणजे खिचडी’ म्हणणारे एक विसरतात: लरडॉर्फने किचकट काम सी भाषेतच ठेवलं होतं, पानात फक्त खुणा होत्या. आज मराठी विकिपीडिया पीएचपीवरच चालतो.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटने कोड वेगळ्या फाइलीत ठेवायची रीत रुजवली. त्यामुळे पान वेगाने उघडतं, हा समज मात्र चुकीचा. दोन्ही प्रकार शेवटी कंपाइलच होतात. उलट एका फाइलीत दुरुस्ती करून ती सेव्ह केली की पुढच्या मागणीला सर्व्हर ती आपणहून पुन्हा कंपाइल करतो. कडोलीत दरवर्षी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनाची कार्यक्रमपत्रिका दाखवायची असेल, तर डेटाबेसमधून सत्र, वक्ता आणि वेळ उचलणाऱ्या मोजक्या ओळी पानातच लिहाव्यात. त्यासाठी फाइलींचा पसारा कशाला?

खरा धोका दुसरीकडे आहे. शोधचौकटीत कोणी टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीला जोडलात, तर घुसखोराला अख्खा डेटाबेस मोकळा होतो, मग कोड कुठल्याही फाइलीत असो. क्वेरीला पॅरामीटर द्या, आलेला मजकूर पानावर छापताना एस्केप करा. या दोन गोष्टींत हयगय नको. आणि तोच कोड दुसऱ्या-तिसऱ्या पानात चिकटवावा लागला, की उचलून वेगळ्या फाइलीत ठेवा. तोवर एक फाइल बिनधास्त वापरा.