८५–० चा हिशेब

२१ ऑक्टोबर १९३९ रोजी शिकागो विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ स्वतःच्याच मैदानावर मिशिगनकडून ८५–० असा हरला. या खेळात लंबगोल चेंडू घेऊन समोरच्याची शेवटची रेषा ओलांडली की ६ गुण मिळतात, त्यापुढच्या किकचा १ अधिक. म्हणजे मिशिगनने ती रेषा साधारण डझनभर वेळा ओलांडली. त्या हंगामातले बाकीचे आकडेही असेच होते. हार्वर्ड आणि ओहायो स्टेट यांनी प्रत्येकी ६१–० ने धुतले, व्हर्जिनियाने ४७–० ने, इलिनॉयने ४६–० ने. बेलॉइटसारखे चिमुकले कॉलेजसुद्धा ६–० ने जिंकून गेले. आठ सामन्यांत दोन विजय, केलेले गुण ३७ आणि खाल्लेले ३०८. डिसेंबरमध्ये विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल बंदच करून टाकला. मार पडला म्हणून मैदान सोडले, असा याचा सरळ अर्थ लावला जातो. मला तो उलटा वाटतो. मैदान आधीच सोडलेले होते, अंगावर वळ तेवढे १९३९ साली उमटले.

हा संघ मुळात लेचापेचा नव्हता. विद्यापीठाचे दरवाजे १८९२ मध्ये उघडले तेव्हापासूनच अध्यक्ष हार्पर यांनी अमोस अलोन्झो स्टॅग यांना प्रशिक्षक नेमून थेट प्राध्यापकवर्गात बसवले होते. पुढे बिग टेन म्हणून गाजलेल्या संघटनेच्या संस्थापकांत शिकागो होते आणि तिची सात विजेतेपदे त्याच्या नावावर होती. १९०५ मध्ये मिशिगनची ५६ सामन्यांची अपराजित मालिका याच संघाने २–० ने मोडली. अगदी १९३५ मध्येही, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा, पुढे हाइझमन नावाने प्रसिद्ध झालेला करंडक पहिल्यांदा दिला गेला तो शिकागोच्या जे बरवँगरला. मग चारच वर्षांत काय बिनसले? उत्तर मैदानाबाहेर आहे. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स वयाच्या तिशीत अध्यक्ष झाले, १९३१ पासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात सर्वसमावेशक परीक्षांचा कस लागू लागला. खेळाडूंना ढकलत पुढे न्यायला इतरत्र जे सोपे विषय असत, त्यांची सोय इथे नव्हती. त्याच सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने देशभरातली कॉलेजे खेळाडू कसे हेरतात आणि पोसतात ते चव्हाट्यावर आणले होते. बाकीची विद्यापीठे त्या वाटेने पुढे गेली, शिकागोने हात आखडता घेतला. त्या काळी तेच गडी चढाई आणि बचाव दोन्ही करत, त्यामुळे राखीव खेळाडू कमी असलेला संघ उत्तरार्धात दमून पडायचा.

दोष प्रशिक्षकाचा असेल, असे कोणी म्हणेल. त्याची परीक्षा जणू लगेचच झाली. १९३९ चे प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी शिकागोतून निघून स्टॅनफर्डला गेले. तो संघही १९३९ मध्ये एकच सामना जिंकलेला. पण तिथे फ्रँकी अल्बर्टसारखे खेळाडू होते. शॉनेसींनी त्यांना चढाईसाठी खेळाडू उभे करण्याची टी-रचना शिकवली, १९४० चा हंगाम स्टॅनफर्डने एकही सामना न गमावता पार केला आणि १९४१ च्या पहिल्याच दिवशी रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात नेब्रास्काला २१–१३ ने हरवले. माणूस तोच, डोके तेच; बदलले ते हाताशी असलेले खेळाडू.

हार्वर्डचे काय, हा आक्षेप जास्त टोकदार आहे. अभ्यासात तेही कमी नव्हते, तरी ६१–० ने जिंकले. पण हार्वर्डजवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या माजी विद्यार्थ्यांचे जाळे होते आणि शिवाय त्यालाही ही शर्यत फार काळ झेपली नाही: १९४५ मध्ये त्याने येल, प्रिन्स्टन वगैरे सोबत्यांशी करार करून क्रीडा-शिष्यवृत्तीला नकार दिला आणि आपापसांत खेळण्याचा मार्ग धरला. हचिन्स यांना खेळाचा तिटकाराच होता, हेही खरे. मात्र १९३८ च्या डिसेंबरात त्यांनी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये जे लिहिले त्याचा रोख तिकीटबारीच्या पैशावर होता. सामन्याचे तिकीट १० सेंटांवर आणा, असा त्यांचा उपाय. आता ज्या विद्यापीठाने स्टॅग यांच्या हातून हा बाजार उभारायला हातभार लावला, त्याने शुचितेच्या गोष्टी कराव्यात यात थोडा विनोद आहेच.

माझ्या मते हचिन्स चुकले ते दुसऱ्याच ठिकाणी. त्याच हंगामात शिकागोने वॉबॅशला १२–२ आणि ओबर्लिनला २५–० असे हरवले होते. म्हणजे आपल्या जोडीचे प्रतिस्पर्धी कोण, हे गुणफलक सांगतच होता. मोठ्यांची संगत सोडून छोट्या कॉलेजांशी खेळता आले असते, पण त्यांनी सगळा खेळच मोडीत काढला, आणि गंमत म्हणजे बिग टेनचे सदस्यत्व मात्र १९४६ पर्यंत सोडले नाही. विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा मैदानात उतरायला १९६९ उजाडले. आज तो तिसऱ्या श्रेणीत, क्रीडा-शिष्यवृत्तीविना, आपल्या तोलाच्या कॉलेजांशी खेळतो.