रिचमंडने कोच हाकलला नाही, त्याच्या भोवतीची माणसं बदलली!

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये म्हणजे 'फूटी'त मैदानावर एका संघाचे १८ खेळाडू. एवढ्या पसाऱ्यावर एकटा मुख्य प्रशिक्षक कुठे कुठे लक्ष ठेवणार? म्हणून बचावफळी, मधली फळी, आक्रमण अशा प्रत्येक भागाला स्वतंत्र सहायक प्रशिक्षक असतो. सामना चालू असताना ही मंडळी बहुधा स्टँडमधल्या बॉक्समधून खेळ वाचतात आणि फोनवरून खाली बाकावर निरोप देतात.

मेलबर्नच्या रिचमंड क्लबचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये हा संघ १३व्या क्रमांकावर घसरला. मुख्य प्रशिक्षक डेमियन हार्डविकला काढा, अशी ओरड झाली. (आपल्याकडे तर पहिला नारळ त्यालाच मिळाला असता!) क्लबने मात्र त्याला ठेवलं आणि सोबतीला दमदार माणसं आणली. जिलॉन्गकडून ब्लेक कॅरासेला आला. ब्रिस्बेनच्या मुख्य प्रशिक्षकपदावरून नुकताच हटवलेला जस्टिन लेपिच परतला. फुटबॉल विभाग नील बामकडे गेला. हा माणूस १९७३ आणि १९७४ च्या विजेत्या रिचमंड संघातला खेळाडू.

२०१७ च्या अंतिम सामन्यात ॲडलेडला ४८ गुणांनी हरवून रिचमंडने ३७ वर्षांचा दुष्काळ संपवला. मग २०१९ आणि २०२०चीही विजेतेपदं. श्रेय अर्थात खेळाडूंचंही, पण माझ्या मते लेपिचला परत बोलावणं ही सगळ्यात हुशार चाल. मुख्य खुर्चीवर पोळलेला माणूस दुसऱ्या मुख्य प्रशिक्षकाला जे सांगू शकतो, ते नवखा सहायक कुठून सांगणार?

आणि हो, रिचमंडच्या राखीव संघाला शिकवणाऱ्या क्रेग मक्रेने पुढे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०२३ मध्ये कॉलिंगवूडला विजेतेपद मिळवून दिलं. तेव्हा त्याचा सहायक होता लेपिचच!