मिठाच्या कणाहून हलकं

1935 साली ॲम्स्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या चमूनं वळूंच्या सुमारे 100 किलो वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वेगळं काढलं. हाती लागलं जेमतेम 10 मिलिग्रॅम, म्हणजे कोटीत एक भाग! त्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांना डुकरिणींच्या 4 टन बीजकोशांतून 12 मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल हे स्त्री-संप्रेरक मिळालं. हे तर तेहतीस कोटींत एक.

प्रौढ पुरुषाच्या रक्तात पाण्याच्या सुमारे 300 कोटी रेणूंमागे टेस्टोस्टेरॉनचा एक रेणू असतो. अंगातल्या सगळ्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन गोळा केलं, तरी मिठाच्या एका कणाइतकं वजन भरत नाही. तरीही ते पुरतं. कारण हा रेणू थेट पेशीत शिरतो, ग्राहक प्रथिनाला चिकटतो आणि ती जोडी जनुकं चालू-बंद करते.

पण मात्रेइतकीच वेळही मोलाची. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत उंदराच्या मादी पिलाला टेस्टोस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं, तर मोठेपणी दर 4-5 दिवसांनी व्हायचं बीजोत्सर्जन तिच्यात होतच नाही. तेच इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी दिलं तर हा परिणाम होत नाही. 1978 मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉजर गॉर्स्की यांच्या गटानं उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये एक पेशीपुंज दाखवला. तो मिलिमीटरहूनही लहान, पण नरांत माद्यांपेक्षा कित्येक पट मोठा. मेंदूचा काप रंगवला की हा फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसतो.

माणसात चित्र इतकं ठळक नाही. सुमारे 15 हजार जन्मांत एका बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी जन्माआधीपासूनच जादा अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं, बनवतात. अशा मुली सरासरीनं मोटारी आणि ठोकळ्यांकडे जास्त वळतात, पण बहुतेक जणी स्वतःला मुलगीच मानत वाढतात. 2015 मध्ये डाफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी 1,400 हून अधिक मेंदूंचे एमआरआय तपासले. सरासरीत फरक होते, पण सर्वच बाबतींत ‘पुरुषी’ किंवा ‘बायकी’ ठरेल असा मेंदू विरळाच. बहुतेकांत दोन्हींची सरमिसळ होती.

संप्रेरकांची ताकद खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पुरुषाचा मेंदू सरासरीनं दहाएक टक्के मोठा, एवढ्यावरून समोरच्या मुलीला गणित जमेल की नाही, हे सांगता येत नाही. सरासरी लाखोंची असते. तिच्या जोरावर एकाही मुलीची वाट अडवण्याचा अधिकार विज्ञानानं कुणालाच दिलेला नाही.