ब्रेबॉर्न क्रीडांगणाची हकीकत

बुलढाण्याजवळील देऊळघाटासारख्या गावीं मुलें माळावर क्रिकेट खेळूं लागलीं, तर पाहणाऱ्यानें कोठें बसावें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. सांपडेल त्या बांधावर तो बसतो. मुंबईच्या ब्रेबॉर्न क्रीडांगणाचा इतिहास मात्र बसण्याच्या जागेनेंच पुष्कळसा घडविलेला आहे.

हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्यें मुंबई जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथांनीं तेथें शतक काढलें. पण त्या जिमखान्याचें सभासदत्व हिंदी माणसास मिळत नसे. त्याच सालीं निघालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियानें स्वतःचें क्रीडांगण बांधण्याचें मनावर घेतलें. समुद्र हटवून काढलेली बॅकबेची जमीन सरकारकडून मिळाली आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचें नांव क्रीडांगणास लाभलें. २२ मे १९३६ रोजीं कोनशिला बसली. ७ डिसेंबर १९३७ रोजीं लॉर्ड टेनिसन यांच्या इंग्रज संघाशीं सामना होऊन उद्घाटन झालें.

परंतु त्याच मोसमांत पंचरंगी सामन्यांतून हिंदु संघानें अंग काढून घेतलें. कारण काय? तर जागांची वांटणी! धर्मावरून संघ पाडणारे हे सामने गांधीजींनीं १९४० सालीं नापसंत ठरविले, व १९४६ नंतर ते बंदच झाले. तरीही त्यांतील एक खेळी विसरतां येत नाहीं. १९४३ च्या अंतिम सामन्यांत, संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांच्या होत्या.

१९४८ पासून येथें कसोटी सामने होऊं लागले. पण क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यांत पुन्हां जागांवरूनच तंटा वाढला. असोसिएशनचे अध्यक्ष, विदर्भाचे शेषराव वानखेडे यांनीं हाकेच्या अंतरावर दुसरें क्रीडांगण उभें केलें. जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतर कसोटी सामना आला तो एकदम २००९ सालीं. वीरेंद्र सेहवागनें त्यांत २९३ धावा काढल्या.

जिमखान्याच्या बंद दारामुळें एक क्रीडांगण निघालें आणि त्याच्या भरलेल्या बांकांमुळें दुसरें. तेव्हां आपल्या तालुक्यांत जेव्हां क्रीडांगण बांधावयाचें होईल, तेव्हां खेळपट्टीबरोबरच प्रेक्षकांच्या जागेचाही निवाडा आधींच करावा, हें बरें.