थोड्या खर्चाचे लहान घर

भाऊबंदांत वाटणी झाली म्हणजे जुन्या वाड्यातील दोन खण वाट्यास येतात, आणि संसार वाढला की नवे घर बांधणे भाग पडते. महसुली दप्तरात आमचे आयुष्य गेले. घरासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांत चढलेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. विहिरीचे कर्ज पिकातून फिटण्याची आशा असते. घर मात्र पीक देत नाही. यास्तव घर लहान व स्वस्त असावे, असे आमचे मत आहे. परंतु काटकसर कोठे करावी, हे आधी समजले पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे १०,००० माणसे दगावली. तेथील बहुतेक घरांच्या भिंती दगडमातीच्या व चांगल्या जाड होत्या. पण भिंतीची दोन्ही अंगे एकमेकांस बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, आणि माथ्यावर मातीच्या धाब्याचे ओझे होते. सारांश, भिंत बळकट होते ती जाडीने नव्हे, बांधणीने.

या कामी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. हे इंग्रज स्थपती १९४५ साली हिंदुस्थानात आले व पुढे केरळात त्यांनी गोरगरिबांसाठी अनेक स्वस्त घरे बांधली. घराचे सामान जवळपासच्या पाच मैलांतले असावे, हा महात्मा गांधींचा विचार त्यांनी मनावर घेतला. विटा निजवून न रचता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची रीत त्यांनी रूढ केली. नऊ इंची भिंतीत तिने सुमारे चौथाई विटा वाचतात; म्हणजे जेथे ८,००० लागतील, तेथे ६,००० पुरतात. पोकळीमुळे उन्हाची झळही कमी लागते. मात्र विटा सारख्या मापाच्या व सरळ कडांच्या हव्यात, आणि गवंडी या कामात मुरलेला हवा. गिलावा न करता दरजा नीट भरल्या, तर तोही खर्च टळतो.

पाया व जोते मात्र भरीवच बांधावे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. म्हणून पाया मुरमापर्यंत नेल्यावाचून राहू नये. जोत्यावर, दाराखिडक्यांच्या माथ्यावर व छपराखाली काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवावा, आणि कोपऱ्यांच्या पोकळीत लोखंडी गज उभे घालून काँक्रीट भरावे. छप्पर होता होईल तो हलके असावे. येथे वाचविलेला पैसा पुढे जिवावर बेततो.

प्रधानमंत्री आवास योजनेने २०१६ साली ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविले. प्रारंभी तेवढेच बांधावे, बाजूस जागा मोकळी ठेवावी आणि दोन हंगाम चांगले गेल्यावर खोली वाढवावी. गावठाणाबाहेर बांधणे असल्यास परवानगीची चौकशी तहसील कचेरीत आधी करून लेखी उत्तर घ्यावे.

शेजाऱ्याचा मजला पाहून आपला पाया खणू नये. घर लहान असल्याने कोणाची अब्रू जात नाही. जमीन गहाण पडली म्हणजे मात्र ती जाते.